मण्याला भोक कसे पडले?

ताम्रपाषाणयुगाचा धडा शिकवताना आपण मुलांना दोन गोष्टी सांगतो. एक, त्या काळी महाराष्ट्रात लोखंड माहीत नव्हते. दोन, त्या काळचे लोक दगडाचे मणी घालत असत. एखादा चौकस विद्यार्थी नेमका या दोन वाक्यांच्या मधे बोट ठेवतो आणि विचारतो, "मग दगडाला भोक कशाने पाडले?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात भूगोल, रसायन, पदार्थविज्ञान आणि इतिहास असे चारही विषय येतात. या लेखात आम्ही या प्रश्नाचा माग दोन ठिकाणी काढणार आहोत. एक ठिकाण आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरा नदीचा काठ आणि दुसरे चीन. दगडी दागिना म्हटले की जगाला आधी चीनचा जेड आठवतो. तो समजून घेतला की आपला मणीही अधिक चांगला समजतो.

प्रवरेकाठची तीन गावे

प्रवरा नदीच्या काठाने खाली उतरत गेले तर आधी संगमनेर तालुक्यातील जोर्वे लागते, मग श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद आणि पुढे नेवासे. तिन्ही ठिकाणी उत्खनने झाली आहेत. जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी खणले आणि तिथल्या लाल-काळ्या रंगीत खापरांमुळे एका संपूर्ण संस्कृतीलाच 'जोर्वे संस्कृती' हे नाव मिळाले. ज्ञानेश्वरीमुळे घराघरात माहीत असलेल्या नेवासे येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ आणि पुन्हा १९५९ ते १९६१ या काळात उत्खनन केले. दायमाबादचा शोध १९५८ मध्ये बा. पु. बोपर्डीकर यांनी लावला. तेथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि सा. आ. साळी यांनी वेगवेगळ्या वर्षी उत्खनने केली.

दायमाबादला इ.स.पू. सुमारे २२०० ते १००० या काळात एकावर एक पाच संस्कृतींचे थर साचले आहेत. उत्तर हडप्पा काळाच्या थरात दगडाचे व भाजलेल्या मातीचे मणी, शंखाच्या बांगड्या आणि एक सोन्याचा मणी मिळाला. जोर्वे काळाच्या थरात जी घरे उघडी झाली, त्यांपैकी एक घर मणी करणाऱ्या कारागिराचे असावे असे उत्खनकांनी नोंदले आहे. म्हणजे मणी करणे हा रिकाम्या वेळचा उद्योग नव्हता. कुंभार, खाटीक, चुना भाजणारा यांच्यासारखाच तो एक धंदा होता.

हे मणी बहुतेक अकीक, इंद्रगोप म्हणजे तांबडा कार्नेलियन, जॅस्पर अशा दगडांचे असतात. हे सगळे आपल्या गारगोटीचेच भाऊबंद, म्हणजे सिलिकाचे प्रकार आहेत.

जेड म्हणजे कोणता दगड?

चीनमध्ये दगडी दागिन्यांची परंपरा याहूनही जुनी आहे. ईशान्य चीनमधील शिंगलोंगवा संस्कृतीच्या थडग्यांत सुमारे ८००० वर्षांपूर्वीची जेडची कडी मिळाली. प्रत्येक कड्याला एका बाजूला चीर आहे. पुढे लिआंगझू संस्कृतीच्या लोकांनी इ.स.पू. ३३०० ते २३०० या काळात मधे भोक असलेल्या चकत्या आणि बाहेरून चौकोनी, आतून गोल अशा नळ्या घडवल्या व त्यांवर केसासारख्या बारीक रेषांची नक्षी काढली. झौ राजवटीच्या काळापासून सरदार मंडळी जेडच्या पदकांच्या माळा कमरेला लटकवू लागली. चालताना त्यांचा किणकिणाट होई आणि त्यावरून माणूस सावकाश, तोल सांभाळून चालतो की धांदलीने, हे कळे. कन्फ्यूशियसच्या परंपरेत तर जेडची तुलना थेट सज्जनाच्या गुणांशी केली गेली.

पण 'जेड' हे एका दगडाचे नाव नाही. त्यात दोन वेगळी खनिजे येतात. एक नेफ्राइट. हे कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह यांचे सिलिकेट. दुसरे जेडाइट. हे सोडियम व अॅल्युमिनियमचे सिलिकेट. ही दोन खनिजे वेगळी आहेत हे १८६३ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आलेक्सी दामूर यांनी पृथक्करण करून दाखवले. तोपर्यंत डोळ्यांना सारखे दिसते म्हणून दोन्हींना एकच नाव चालत होते.

या फरकाला इतिहासातही महत्त्व आहे. प्राचीन चीनमधला जेड हा नेफ्राइट होय. त्याचा एक प्रसिद्ध स्रोत म्हणजे मध्य आशियातील खोतान परिसरातल्या नद्या. ब्रह्मदेशातला, म्हणजे आजच्या म्यानमारमधला झगझगीत हिरवा जेडाइट चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर येऊ लागला तो अठराव्या शतकात. म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीचा म्हणून दाखवलेला चिनी दागिना जेडाइटचा निघाला, तर त्या दाव्यावर लगेच शंका घ्यावी. इतिहासाच्या दाव्याची अशी परीक्षा रसायनशास्त्र घेऊ शकते.

कठीण वेगळा, चिवट वेगळा

आपण मुलांना मोहची काठिण्य श्रेणी शिकवतो. तिच्यात तांबे साधारण ३, पोलादी सुरी ५.५ आणि गारगोटी ७ वर येते. नेफ्राइट ६ ते ६.५ च्या दरम्यान आणि अकीक ६.५ ते ७ च्या. म्हणजे ओरखड्याच्या परीक्षेत अकीक जेडपेक्षा थोडा वरचढच ठरतो. मग जेड इतका टिकाऊ म्हणून का नावाजलेला?

याचे कारण असे की ओरखडा न पडणे आणि न फुटणे हे दोन वेगळे गुण आहेत. काच कठीण असते, पण पडली की फुटते. नेफ्राइटच्या आत सूक्ष्म तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. लोकर दाबून, लाटून केलेला बुरणूस आठवा. त्यात उभे-आडवे धागे नसतात, तर केस चहूबाजूंनी गुंतलेले असतात. म्हणून तो एका रेषेत फाटत नाही. नेफ्राइटमध्ये चीर पुढे सरकू लागली की तिला पावलोपावली आडवा तंतू भेटतो आणि तिचा जोर संपतो. या गुणाला चिवटपणा म्हणतात.

अकीक मात्र घाव नेमका बसला की शिंपल्यासारखा वक्र पापुद्रा टाकून फुटतो. हा त्याचा दोष नव्हे. प्रवरेकाठच्या माणसाने याच गुणाचा फायदा घेतला. दायमाबाद, नेवासे येथे गारगोटीच्या जातीच्या दगडांची लहान धारदार पाती मोठ्या संख्येने मिळाली आहेत. विळ्याच्या दात्यांपासून सुरीपर्यंत सगळी कामे ही पाती करत. ज्या दगडाचे पाते, त्याच जातीच्या दगडाचा मणी. आधी ठोकून मण्याचा ओबडधोबड आकार काढायचा, मग घासायचा. जेडला ठोकून आकार देणे जवळजवळ अशक्य असल्याने चिनी कारागिराला वेगळी युक्ती शोधावी लागली.

कोरलेला नव्हे, झिजवलेला

'कोरीव जेड' हा शब्द आपण सहज वापरतो, पण तो फसवा आहे. लाकूड पटाशीने कोरतात तसा जेड कोरता येत नाही. तो झिजवावा लागतो. त्याची युक्ती आपल्या जुन्या विहिरींच्या काठावर लिहिलेली आहे. वर्षानुवर्षे पोहऱ्याचा दोर घासून तिथल्या दगडाला खोल खाचा पडलेल्या असतात. दोर दगडापेक्षा मऊ असतो. तरी दगड झिजतो, कारण दोराला चिकटलेली रेती दगड कापते. दोराचे काम फक्त रेती पुढे-मागे ओढण्याचे.

लिआंगझूच्या कारागिरांनी नेमके हेच केले. दोरी, ओली रेती आणि भरपूर वेळ. रेतीतली गारगोटी ७ काठिण्याची, नेफ्राइट ६.५ चा. फरक थोडा असला तरी पुरेसा. भोक पाडायचे तर पोकळ बांबूची नळी रेतीवर उभी धरून फिरवायची. नळीच्या कडेखालची रेती दगडात गोल चर पाडते आणि शेवटी मधला भाग गोल ठोकळ्यासारखा सुटून येतो. दोन्ही बाजूंनी निम्मे निम्मे भोक पाडले असेल तर मधे एक बारीकशी पायरी राहते. जुन्या वस्तूंवर ती भिंगाने दिसते. पुढे पायाने फिरवायची चाके आली आणि गारगोटीहून कठीण अशी कुरुंदाची पूड वापरात आली, पण तत्त्व बदलले नाही.

आता सुरुवातीचा प्रश्न. आपल्या मण्यातले भोक जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे. तिथे नळी चालणार नाही. तिथे लागते दगडाचीच बारीक टोकदार सुई. ती काठीच्या टोकाला बसवायची आणि धनुकलीच्या दोरीने गरगर फिरवायची. सुताराचा जुना सामता असाच चालत असे. हडप्पा संस्कृतीचे कारागीर यासाठी एक खास अतिकठीण दगड वापरत. अशा दगडाची सुई करून संशोधकांनी इंद्रगोपाला भोक पाडून पाहिले, तेव्हा तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर प्रगती झाली. या वेगाने एक सेंटिमीटर लांबीच्या मण्याला चार तास लागतील. एका माळेत असे पन्नास मणी धरा आणि गणित मुलांनाच करू द्या. त्यात घासणे आणि चकाकी आणणे अजून धरलेलेच नाही.

म्हणूनच दगडाची माळ ही साठवलेल्या वेळाची माळ असते. प्रवरेकाठी काय आणि चीनमध्ये काय, ती कोणाच्या गळ्यात आहे यावरून त्या माणसाला दुसऱ्यांचे किती श्रम उपलब्ध होते हे समजते.

या श्रमाची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. गुजरातमधील खंबायत येथे अकिकाचे काम आजही चालते. तेथे कोरडा दगड चाकावर घासताना उडणारी सिलिकाची धूळ श्वासातून आत जाऊन अनेक कारागिरांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा असाध्य विकार जडला आहे. दागिन्याची चमक पाहताना हा हिशेब विसरता येत नाही.

आपल्याकडे अकीक का आणि जेड का नाही?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे अडकून खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे या पोकळ्यांत सिलिका विरघळलेले पाणी झिरपत राहिले आणि थरावर थर बसून अकीक तयार झाला. अकिकाच्या कापावर दिसणारे पट्टे हे त्या थरांचेच. बेसाल्ट झिजतो, पण अकीक झिजत नाही. तो सुटून नदीत येतो. प्रवरा, मुळा, गोदावरी यांच्या वाळूत असे गोटे मुलांना आजही मिळतील.

जेडला मात्र वेगळी जन्मभूमी लागते. जेडाइट तयार होतो तो भूकवचाचा एक तुकडा दुसऱ्याखाली दबला जाताना, प्रचंड दाब आणि मानाने कमी तापमान असेल तेथे. नेफ्राइट तयार होतो तो मॅग्नेशियमयुक्त खडकांचा इतर खडकांशी व उष्ण द्रावणांशी संबंध येतो तेथे. आपला बेसाल्ट भूपृष्ठावर पसरून थंड झालेला. त्याला असा दाबही मिळाला नाही आणि असा शेजारही नाही. गंमत अशी की खोतानचा कारागीरही नदीतले गोटेच वेचत असे. दोघांनीही आपापल्या नदीने जे दिले त्याचेच दागिने केले.

इंद्रगोपाचा तांबडा रंग पुष्कळदा माणसाने दिलेला असतो. पिवळसर-करड्या अकिकात लोहाचे जलयुक्त ऑक्साइड असते. सुमारे ३०० अंश सेल्सियसला सावकाश तापवले की त्यातले पाणी निघून जाते आणि लाल ऑक्साइड उरते. कुंभाराच्या आव्यात पिवळी माती लाल होते ती याच क्रियेने. खंबायतचे कारागीर मातीच्या मडक्यात दगड घालून गोवऱ्यांच्या विस्तवात असेच तापवतात.

नेवाशाचा धागा

नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन थरात लहान मुलांची दफने मिळाली. त्या काळी मूल दगावले तर त्याला दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडे एकमेकांना लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या आत धाग्याचा अंश शिल्लक होता. तीन हजार वर्षे मातीत धागा टिकतो कसा? तांबे गंजताना तयार होणारे क्षार जिवाणूंना व बुरशीला मारक असतात. मण्याच्या गंजानेच धाग्याचे रक्षण केले.

अ. ना. गुलाटी यांनी हा धागा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे त्यात रेशीम होते आणि कापसाचा अंशही होता. रेशीम म्हटले की चीन, असे आपल्या मनात पक्के बसलेले असते. मग नेवाशाचा चीनशी व्यापार होता का? इथे घाई करू नये. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हडप्पा आणि चन्हुदडो येथील दागिन्यांत इ.स.पू. २४५० ते २००० या काळातले रेशीम आढळले, आणि ते भारतीय उपखंडातल्या रानरेशमाच्या किड्यांचे होते. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे ऐनाच्या झाडांवर टसरचे किडे आजही वाढवतात. तेव्हा रेशीम सापडले एवढ्यावरून चीनशी संबंध सिद्ध होत नाही. हिरवा दगड दिसला म्हणून तो जेड ठरत नाही, तसेच हे. याउलट दायमाबादच्या शंखाच्या बांगड्या मात्र व्यापाराबद्दल खात्रीने बोलतात, कारण शंख समुद्रातच होतो, प्रवरेत नाही.

वर्गात करून पाहा

१. शहाबादी फरशीचे दोन तुकडे घ्या. एकावर नुसती ओली सुतळी ओढा आणि दुसऱ्यावर सुतळीखाली ओली रेती टाकत राहा. दोन्हीवर शंभर-शंभर वेळा ओढून खाचांची तुलना करा. रेती ओलीच ठेवा, म्हणजे धूळ उडणार नाही. कारण वर सांगितलेच आहे.

२. बाजारात 'जेड' म्हणून विकली जाणारी अखंड दगडाची बांगडी मिळाल्यास तिची सापेक्ष घनता काढा. काट्यावर बांगडीचे वजन करा. मग पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. बांगडी दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. बांगडीला हवेचे बुडबुडे चिकटलेले नाहीत ना, तेही पाहा. आता काट्यावर जो आकडा दिसतो ते बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. बांगडीचे वजन ५३.१ ग्रॅम आणि दुसरा आकडा १८.० ग्रॅम असेल, तर घनता ५३.१ भागिले १८, म्हणजे २.९५ येते. आता ताडून पाहा:

नेफ्राइट: २.९ ते ३.१
जेडाइट: सुमारे ३.३
अकीक व हिरवी गारगोटी: सुमारे २.६५
सर्पेंटाइन: २.५ ते २.६

काचेची घनता तिच्या घटकांप्रमाणे बदलते. म्हणून काचेचा संशय असल्यास भिंगाने आतले गोल बुडबुडे शोधा. लहान मण्यावर हा प्रयोग करू नका, कारण एक ग्रॅमच्या मण्यात काट्याची ०.१ ग्रॅमची चूकही उत्तर बिघडवते. असे का, हे मुलांना विचारा. जुन्या वस्तूवर ओरखड्याची परीक्षा कधीही करू नये. आणि घनतेवरून खनिज कळते, वय कळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

मणी सापडला तर

वय कशावरून कळते? मुख्यतः वस्तू कोठे, कशाच्या शेजारी सापडली यावरून. शिंगलोंगवाची चिरलेली कडी कानात घालत, हे समजले ते मृताच्या कानांजवळ ती मिळाली म्हणून. नेवाशाचे तांब्याचे मणी ही माळ होती, हे समजले ते मुलाच्या गळ्यापाशी ते मिळाले म्हणून. चीनमध्ये आन्यांग येथे १९७६ मध्ये राणी फू हाओ हिचे इ.स.पू. १२०० च्या सुमाराचे थडगे उघडले. म्हणजे ती आपल्या जोर्वे संस्कृतीच्या लोकांची समकालीन. त्या थडग्यात जेडच्या ७५५ वस्तू होत्या आणि त्यांतल्या काही तिच्याही काळी हजारो वर्षे जुन्या होत्या. राणीने जुन्या वस्तूंचा संग्रह केला होता, हे आज आपण सांगू शकतो ते थडगे जसेच्या तसे मिळाले म्हणून. त्याच वस्तू सुट्या सुट्या बाजारात आल्या असत्या तर हे कोणालाही कळले नसते.

आपल्या गावोगावी 'पांढर' असते. जुन्या वस्तीची राख, चुना, भिंतींची माती साचून झालेले ते टेकाड. पांढरीची माती घराच्या धाब्यासाठी, शेतात टाकण्यासाठी गाड्या भरभरून नेली जाते. आता यंत्राने टेकाडेच्या टेकाडे सपाट होतात. पहिल्या पावसानंतर मुले तिथे मणी वेचतात आणि एखादा मणी आपल्याकडे घेऊन येतात. त्या वेळी आपण काय करतो, याला महत्त्व आहे.

मुलाला रागावू नका. मणी नेमका कोठे मिळाला ती जागा त्याच्यासोबत जाऊन पाहा. गावाच्या नकाशावर खूण करा, तारीख लिहा, पट्टी शेजारी ठेवून छायाचित्र काढा. तिथे आणखी खणू नका आणि खणू देऊ नका. खापरे, हाडे, राखेचा थर दिसत असेल तर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला किंवा डेक्कन कॉलेजला पत्र लिहा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यवहारावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंधने आहेत.

कसबी हातांनी घडवलेला जेड पाहायचा असेल, तर हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात त्याचे स्वतंत्र दालन आहे. सहल तिकडे गेली तर मुलांना भोकाच्या कडा, घासल्याच्या रेषा शोधायला सांगा. पण आपल्या गावची पांढर पाहायला सहलीचीही गरज नाही. तिथला एक मणी बाजारात दहा रुपयांचाही नसेल. तरी तो जागच्या जागी असेल, तर त्या गावात तीन हजार वर्षांपूर्वी कोण राहत होते, कशाची पूड वापरत होते आणि एका माळेसाठी किती दिवस बसत होते, हे तो सांगू शकतो. जागेवरून उचलून खिशात टाकला की तो एक सुंदर दगड होऊन बसतो.